चीफसाहेबांची रविवारची बाटली

आमच्या घरात वाईनचा विषय कुणी काढला की माझी मुलगी आधी माझ्याकडे बघते आणि म्हणते, “आई, थोडक्यात.” तिचं काही चुकत नाही. मला थोडक्यात सांगता येत नाही हे आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते ती उगीच नाही.

मागच्या महिन्यात तिने आम्हा दोघांना पुण्यातल्या एका हॉटेलात जेवायला नेलं. मेनूकार्ड वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते असलं मंद उजेडाचं हॉटेल. तिने इटलीची तांबडी वाईन मागवली. वेटरने बाटली उघडली, माझ्या ग्लासात तळापुरती ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मी म्हणाले, “आधी जेवण आणा. उपाशीपोटी नाही घ्यायची.”

“आई, प्लीज.”

“आणि मटण झणझणीत असेल तर ही आत्ताच परत न्या. दोघं भांडतील.”

वेटर मॅनेजरला बोलवायला गेला. आमच्या ह्यांनी रुमालाची घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. संसारात अवघड प्रसंग आला की ते कशाची ना कशाची घडी घालत बसतात. आणि मला एकदम रत्नागिरीच्या मांडवीतली ती पडवी आठवली, भाजल्या खोबऱ्याचा वास आला, आणि मॅनेजर आला तेव्हा मी मान खाली घालून ग्लासातच बघत बसले होते. मुलीला वाटलं, आई ओशाळली. वाटू दे.

ही सगळी विद्या मला शिकवली ती रत्नागिरीच्या आमच्या घरमालकांनी. ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. कराडहून रत्नागिरीला बदली झाली तेव्हा मी आठ दिवस रडले, आणि रत्नागिरीहून परत बदली झाली तेव्हा त्याच्या दुप्पट. मांडवीत, जेट्टीपासून दोन गल्ल्या आत, चिऱ्याचं एक कौलारू घर होतं. खाली मालक एकटे, वर माडीवर आम्ही. मालक जन्मभर बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. निवृत्त झाले तेव्हा चीफ इंजिनिअर होते म्हणून सगळी मांडवी त्यांना चीफसाहेब म्हणायची. मी काका म्हणायचे. ते मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. माणूस कुठून आला किंवा काय करतो, त्यावर भागवायचे. आमचे हे ‘पाटबंधारे’. समोरचे गुरुजी ‘भूगोल’. मी ‘कराड’.

“काय पाटबंधारे, आज पाणी सोडलंत की नाही?” असं ते रोज सकाळी विचारायचे, आणि हेही रोज तितक्याच गंभीरपणे, “नाही साहेब, वरून ऑर्डर नाही,” म्हणायचे. दोघांचं एवढंच संभाषण, पण दोघांचाही दिवस त्याने सुरू व्हायचा.

काकी आम्ही राहायला येण्याच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर काका आमच्यासारखेच जेवायचे. भात, माशाचं कालवण, तळलेली तुकडी. रविवार मात्र वेगळा. रविवारी मटण, वडे आणि एक ग्लास इटालियन वाईन. दुसरा ग्लास मी कधी पाहिला नाही. उभ्याने नाही, गप्पा मारत नाही, नुसती तर नाहीच नाही. “जेवणाबरोबर घेतात तो जेवणारा माणूस. जेवणाशिवाय घेतात त्यांचं नाव वेगळं आहे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गटारीच्या दिवशी गल्लीतले चारदोन जण आशेने यायचे. “साहेब, ती फॉरेनची जरा…” काका त्यांना पडवीत बसवून कोकम सरबत पाजायचे. तेही तसंच लाल असतं म्हणा.

रविवारी ते मासळी घरात येऊ द्यायचे नाहीत. मांडवीत राहून! टोपली घेऊन येणारी बाई दारात उभी राहून मुद्दाम ओरडायची, “सायेब, सोमवारी चालतो तो बांगडा रयवारी काय करतो तुमचा?”

“बांगड्याबरोबर ही खिळा चाटल्यासारखी लागते गो. तुला नाय कळायचा ता.”

“माझ्या घोवाक इचारा. त्याला सगळ्याबरोबर बरी लागते!”

काकांना राग यायचा नाही. ते हसून दार लावून घ्यायचे.

बाटल्या यायच्या मुंबईहून. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता स्वतः बोटीवर मोठा साहेब झाला होता. तो दर काही महिन्यांनी रात्रीच्या खाजगी बसने खोका पाठवायचा. आत काय आहे ते कळू नये म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा ‘काजू’. मुंबईहून रत्नागिरीला काजू! नारळाच्या बागेत शहाळं पार्सल करावं तसला प्रकार. बसवाला खोका उतरवताना म्हणायचा, “साहेब, तुमचे काजू वाजतायत.”

रविवारचा विधी आंघोळ झाल्याबरोबर सुरू व्हायचा. देवाला फूल वाहायचं आणि बाटली घेऊन विहिरीवर जायचं. मांडवीच्या उकाड्यात ही वाईन नुसती ठेवली तर जीभ भाजते, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर मुकी होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाटली कळशीत, कळशी विहिरीत, आणि अर्ध्या तासाने वर. मग बूच काढून बाटली खिडकीत ठेवायची, तोंडावर चहाची गाळणी. “तिला जरा श्वास घेऊ दे. महिनोन् महिने कोंडलेली आहे बिचारी.” वाईनला ते नेहमी ‘ती’ म्हणायचे आणि तेही इतक्या मायेने, की आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या महिन्यात मला वाटलं, खालच्या खोलीत कुणी आजारी बाई आहे.

एकदा विहिरीवर त्यांच्या हातून दोर सुटला. “पडली! ती पडली विहिरीत!” अशी त्यांनी आरोळी ठोकली. अख्खी गल्ली धावली. भूगोल गुरुजी लुंगीवर, कुणी शिडी घेऊन, कुणी गळ घेऊन. आमचे हे तर पॅन्टसकट काठावर चढले. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. ज्याला पोहता येत नाही त्याने काठावर चढणं ही लहान गोष्ट नाही. काय पडलंय ते कळल्यावर गुरुजी जे बोलले ते भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. पण गळ आणलाच होता म्हणून सगळ्यांनी मिळून कळशी वर काढली. बाटली शाबूत निघाली तेव्हा टाळ्या झाल्या. काकांनी सगळ्यांना सरबत दिलं.

ह्या वाईनची आणि त्यांची ओळख बोटीवर झाली. तरुणपणी एका इटालियन कंपनीच्या बोटीवर लागले. जेवणाच्या टेबलाशी सगळे साहेब तिकडचे. काका लाजून ताट घेऊन केबिनमध्ये जायचे, आणि घरून आणलेल्या लोणच्याबरोबर एकटेच जेवायचे. सेकंड इंजिनिअर दक्षिण इटलीचा, काकांच्या बापाच्या वयाचा. एके दिवशी तो केबिनच्या दारात आला, ताट उचललं आणि चालायला लागला. काका ताटामागून. त्याने ताट टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि शेजारी ग्लास भरून ठेवला. “एकट्याने खातात त्याला पोट भरणं म्हणतात, असं काहीतरी म्हणाला असेल. मला भाषा येत नव्हती,” काका सांगायचे. “पण खुर्ची कळली.” त्याच्या गावाकडच्या काळ्या द्राक्षांची वाईन ती. प्रिमितीव्हो. हे नाव मी पाठ केलं ते काकांवर छाप पाडायला. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, “कुणाला शिव्या देतेस गो?”

तेव्हापासून ते सुट्टीवर येताना दोनचार बाटल्या आणायला लागले. घरात काकींच्या सासूबाई, देवघर, येणंजाणं. काकी बाटल्या कुठेतरी ठेवून द्यायच्या आणि रविवारी बरोबर एक पुढ्यात यायची. काकींनी आयुष्यात एक थेंब घेतला नाही. पहिल्या दिवशी वास घेतला आणि म्हणाल्या, “जांभळं आंबलीत.” पण काका जेवायला बसले की त्या समोर बसायच्या, सोलकढीची वाटी घेऊन. काका एक घास, एक घोट घ्यायचे. काकी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. कपाळाला आठी आली की पुढच्या रविवारी मिरची कमी. डोळे मिटले की तेच वाटण पुन्हा. जे कधी चाखलं नाही त्याच्यासाठी ती बाई नवऱ्याच्या चेहऱ्यावरून स्वयंपाक करायची. मला हे काकांनी सांगितलं तेव्हा मी रात्री ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून आमटी वाढून पाहिली. ह्यांनी विचारलं, “काय झालं? माझ्या तोंडाला काही लागलंय का?”

तर हे आमचे काका. आणि त्यांना हवी होती ती एकच गोष्ट. ते काकींचं रविवारचं मटण, त्या वाईनबरोबर लागायचं तसं, एकदा तरी पुन्हा.

“बोटीवर ती कडक असायची,” ते मला समजावून सांगायचे. “दात आंबल्यासारखं व्हायचं. पण घरी आणली आणि हिचं मटण खाल्लं की मऊ व्हायची. शेवटी मागून मनुकांसारखं काहीतरी यायचं, गोडसर. आपल्याच घरातला कसलातरी जुना वास असावा तसं. बोटीवर कधी आलं नाही ते. मी हिला म्हणायचो, तुझ्या मटणाने वितळते ग ती.”

काकी गेल्यावर त्यांनी स्वतः करून पाहिलं. खानावळीतून आणून पाहिलं. मग नशिबाने त्यांच्या माडीवर मी आले.

आता माझ्याबद्दल थोडं. माझ्या मटणाला कराडात मान होता. माहेरी जत्रेला माझ्याच हातचा रस्सा असायचा. कांदा-लसूण मसाला, वर बोटभर तवंग. पहिल्या रविवारी मोठ्या तोऱ्यात पातेलं घेऊन खाली गेले. काकांनी एक घास खाल्ला, एक घोट घेतला, आणि पंच्याने तोंड पुसून सांगितलं, “कराड, दोघं भांडतायत.”

“कोण दोघं?”

“तुझं मटण आणि ती. तुझं मटण घाटावरून लाठी घेऊन आलंय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे असावं. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. का गेले? एक तर राग. आणि दुसरं, माझ्या स्वयंपाकाबद्दल माझ्याशी इतकं मन लावून आजवर कुणी भांडलंच नव्हतं. आमच्या घरी चव हा विषय ‘बरं झालंय’ ह्या दोन शब्दांत संपतो.

मग आमचे रविवार सुरू झाले. मिरची उतरवली. सुकं खोबरं भाजायला शिकले, कांदा काळपट होईपर्यंत परतायला शिकले. वडे फुगेनात तेव्हा दोन रविवार काकांनी चपटे वडे ‘चिरे’ म्हणत खाल्ले. हळूहळू निकाल बदलायला लागला. “भांडत नाहीत. पण बोलतही नाहीत.” मग, “आज बोलले दोघं.” एकदा तर, “आज हसले जरासे.” त्या दिवशी मी जिना दोन दोन पायऱ्या चढत गेले. वय तिशी पार आणि वजन विचारू नये.

पण शेवटी नेहमी तेच. घोट गिळून ते थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे, मान हलवायचे. “सगळं आहे गो. मागून येत नाही ते काहीतरी.”

ते मागून येणारं आणण्यासाठी मी काय नाही केलं! वाटणात मनुका घातल्या. गूळ घातला. खसखस, जायफळ, दगडफूल. एकदा आंबोशी घातली, तेव्हा भूगोल गुरुजी वास घेत येऊन विचारून गेले, कुणाकडे लोणचं घातलंय. काका प्रत्येक वेळी आशेने बसायचे. आणि मान हलली की आधी मलाच धीर द्यायचे. “जवळ आलीस कराड. पुढच्या रविवारी बघू.” वर्षांमागून वर्षं आम्ही जवळच येत होतो.

आज ते घर नाही. आमची बदली झाली, दोनतीन वर्षांनी काका गेल्याचं कळलं, पुतण्यांनी जागा बिल्डरला दिली, आता तिथे सहा मजली इमारत आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. वॉचमनने विचारलं, “कुणाकडे जायचंय?” मी विहीर कुठे होती ते शोधायला लागले. रविवार होता. कुठल्यातरी फ्लॅटमध्ये खोबरं भाजत होते. ते थोडं जास्त भाजलं जातंय हे मला खालून कळत होतं, आणि वर जाऊन सांगावंसं इतकं वाटत होतं, की ह्यांनी मला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

पण सांगायचं आहे ते आम्ही तिथे होतो त्यातल्या एका मे महिन्याबद्दल. लांज्याहून काकांच्या मेहुणी आल्या होत्या, काकींच्या धाकट्या बहीण. काजूच्या कारखान्यात सगळा जन्म गेलेल्या, बोटांची टोकं काळी, आणि तोंड माझ्यापेक्षाही चालणारं. मी खूश झाले. त्यांना मागच्या पडवीत गाठलं आणि विचारलं, “मावशी, तुमच्या आक्का मटणात काय घालायच्या?”

“आक्का? काय घालतली? आमी घालतो ताच. खोबरा, कांदो, घरचो मसालो.”

“आणखी काही? गोडसर?”

“गोड कशाक घालतील मटणात? तुमच्याकडे घालतात काय?”

माझी शेवटची आशा मावळली. तेवढ्यात काका विहिरीवर आले आणि दोर ओढून त्यांनी कळशी वर घेतली. मावशींनी मान लांब करून पाहिलं.

“भावजी, ह्या काय ता? बाटली हिरीतून काढताव? आक्का तर आढीतून काढायची.”

काका कळशी हातात घेऊन उभेच राहिले. “कशातून?”

“आढीतून. आंब्यांच्या.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण मीही ती नीट पाहिली रत्नागिरीला गेल्यावरच. कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून पिकायला ठेवतात, ती आढी. आढीची खोली तशी गार, अंधारी. पण आढीत हात घाला, आतून ऊब लागते. अंगात ताप असलेल्या मुलाच्या पांघरुणात हात घातल्यासारखी.

मावशी सांगत सुटल्या. काकींना सासूबाईंचा धाक. कपाटं, फडताळं, कणगी, सगळीकडे म्हातारीचा हात. आढीतही घालायची ती हात, आंबा दाबून बघायला, पण वरच्या दोन थरांपर्यंतच. म्हणून बाटल्या तळाला. आणि नव्या आणलेल्या लगेच काढायच्या नाहीत, ह्याबद्दल काकी कडक. नवा तांदूळ कुणी लगेच खातं का? जुना करायचा, मग शिजवायचा. तसं ह्या खेपेच्या बाटल्यांनी एक आंब्याचा हंगाम पेंढ्यात काढायचा आणि पुढच्या खेपेला पानावर यायचं. सासूबाई गेल्या, काका निवृत्त होऊन घरी आले, तरी काकींनी रीत मोडली नाही. तोवर त्यांना पटलं होतं की ती पिकते ती अशीच.

“मग आक्का गेली तेव्हा आढीत बाटल्या होत्या त्या?” काकांनी विचारलं.

मावशींनी आवाज खाली आणला. हे बहुतेक पहिल्यांदाच घडलं असावं. “बाराव्याचे भटजी येवचे होते हो. घरभर माणसा. मी घाबरलंय. परड्यातल्या माडाच्या मुळात ओतल्या.” आणि घाईघाईने म्हणाल्या, “त्या वर्षी माडाक नारळ मात्र बरे धरले.”

काका विहिरीच्या कट्ट्यावर बसले. ज्यांनी जन्मभर इंजिनाचं तापमान सांभाळलं, एका अंशाने जास्त झालं तर खलाशांची झोप उडवली, जे आम्हा सगळ्यांना वाईन किती गार असावी ह्यावर भाषणं द्यायचे, ते चीफसाहेब. “उकडली,” ते म्हणाले. “सगळी वर्षं तिने माझी वाईन आढीत घालून उकडली. आंब्याखाली. मे महिन्यात!” आणि मग हसायला लागले. खांदे हलायला लागले, कळशीतलं पाणी सांडलं, चष्मा काढावा लागला. “आणि मी जगभर सांगत फिरलो, माझ्या बायकोच्या मटणाने वितळते म्हणून!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काजूच्या खोक्यातली सगळ्यात चांगली बाटली काढली. परसातल्या दोन कलमांचे आंबे उतरवले होतेच. मागच्या खोलीत आढी लावली गेली आणि तळाला, स्वतःच्या हाताने, त्यांनी बाटली आडवी निजवली.

ह्यांना राहवलं नाही. “साहेब, चांगली बाटली नासेल.”

“नासवायचीच आहे, पाटबंधारे.”

तो महिना आम्ही सगळ्यांनी आढीच्या तालावर काढला. येता-जाता काका आत जाऊन हात घालायचे. गुरुजी विचारायचे, “पिकली काय?” मासळीवाली विचारायची, “अजून आढीतच काय ती?” शेवटचे आंबे संपत आले, पेंढा उपसला, बाटली निघाली. तिला पेंढ्याचा नि आंब्याचा वास लागलेला. बूच थोडं वर सरकलेलं, कडेने चिकट ओघळ. कुठल्याही शहाण्या माणसाने ती टाकून दिली असती.

रविवारी मी मटण केलं. काही नवीन घातलं नाही. गूळ नाही, मनुका नाही. विहीर नाही, गाळणी नाही. काका पडवीत टेबलाशी बसले, नवा शर्ट घालून. हे एका बाजूला. मावशी लांज्याला परत गेल्या होत्या, म्हणून समोर मी. माझ्या हातात सोलकढीची वाटी होती. खरं सांगते, मुद्दाम घेतली नव्हती. वाढताना राहिली हातात.

ग्लासात ओतली तेव्हा तिचा रंगच वेगळा दिसला. नेहमीचा जांभळा काळेपणा नव्हता, कडेला विटेसारखी तांबूस झाली होती. काकांनी वडा मोडला. मटणाला लावला. घास खाल्ला. मग घोट घेतला. गिळला. थांबले.

मी चेहऱ्याकडे बघत होते. आठी आली नाही. डोळे मिटले.

मिटलेले डोळे बराच वेळ उघडले नाहीत. ह्यांनी ताटाजवळचा रुमाल उचलला आणि घडी घालायला घेतली.

“हीच,” काका म्हणाले. “आलं. मागून आलं, सगळं आलं.”

मग त्यांनी डोळे उघडले आणि समोर पाहिलं. समोर मी होते. एवढंच. क्षणभर त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला कधी नीट सांगता येणार नाही, आणि मी तर न थांबता सांगणारी बाई. इतकी वर्षं दर रविवारी काहीतरी कमी असायचं, आणि ते मसाल्यात कमी आहे असं म्हणता यायचं. आज मसाल्यात काही कमी नव्हतं. वाईनमध्ये नव्हतं. ताटात सगळं होतं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला, फार सांभाळून, भरल्या घरात झोपलेल्या माणसाजवळून जाताना पाऊल ठेवतात तसा.

“कराड,” ते म्हणाले, “मटण तुझं कधीपासूनच बरोबर होतं गो. मी उगीच तुला रविवारचं राबवलं. आता नको करूस. शोधायचं काही राहिलं नाही.”

हे ऐकायला मी किती रविवार घालवले होते! माझं मटण बरोबर आहे हे काकांच्या तोंडून ऐकायचं आणि ते कराडला फोन करून सांगायचं, असं ठरलेलं होतं. आता ऐकलं, आणि वाटलं, हे वाक्य त्यांना परत द्यावं. कसंही करून परत द्यावं. खालच्या त्या मोठ्या घरात, टेबलाशी, पुढच्या रविवारी ते कशासाठी बसणार?

मी एक तुकडा तोंडात घातला. चावला. शक्य तितकं तोंड वाकडं केलं.

“नाही काका,” मी म्हणाले, “खोबरं जास्त भाजलं गेलंय. कडवट येतंय बघा शेवटी. काकींचं असं नसणार.”

ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. ते आयुष्यात पहिल्यांदा ‘झकास झालंय’ म्हणणार होते बहुतेक, आणि मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा एक घास घेतला. सावकाश चावला. खोबऱ्यात काही नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं, मलाही कळत होतं.

“जास्त भाजलंय खरं,” ते म्हणाले आणि दुसरा वडा पुढे ओढला. “पुढच्या रविवारी बघू.”